भिंगरीच्या नावाची खुंटी

सोमवार, ४ तारीख

आले बाई एकदाची! सकाळी सातला बसमध्ये बसले ती दुपारी तीनला उतरले. कंडक्टर पिशवी उतरवताना म्हणाला, आजी, दगड भरलेत का यात? म्हटलं, माया भरलीय रे बाबा, जड लागणारच. भिंगरी फाटकापाशी उभी होती. उभी कसली, गरगरत होती. सात वर्षांची नात माझी, पण सात क्षण एका जागी टिकेल तर शपथ. खरं नाव शाळेपुरतं, घरात भिंगरीच.

ही वही तिचीच. म्हणाली, आजी, तू रोज लिही, मी चुका तपासीन. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही धाकट्या भावाला कडेवर घेऊन केलेली. त्यामुळे अक्षर जरा कडेवर बसल्यासारखंच येतं.

लेक माझी या रानात वनरक्षक आहे. जावई दोन महिने कामाच्या शिक्षणासाठी बाहेरगावी, म्हणून मला बोलावलं. म्हणजे बोलावलं असं म्हणायचं, खरं तर मीच फोनवर तीनदा एकटेपणाचा उसासा टाकून दाखवला. दोन खोल्यांचं क्वार्टर आहे. स्वयंपाकघराची खिडकी थेट रानात उघडते, अंगणात नळ, नळाला फडकं बांधलेलं, तरी टपटप चालूच.

फाटकाशी एक मोठा ब्रश आणि पाण्याचं घमेलं ठेवलंय. आत जाताना नि बाहेर पडताना तळवे घासायचे, म्हणजे चपलांचे. दुसऱ्या रानातली बुरशी, तिचं भुकटीएवढं बी आपल्या चपलेबरोबर इथं येतं आणि इथल्या झाडांना बाधतं, असं लेकीनं सांगितलं. मी इतकं घासलं, की ती म्हणाली, आई पुरे, चप्पल शिल्लक राहू दे. किती दिवसांनी तिच्या तोंडून आई ऐकलं. फोनवरचं आई वेगळं असतं.

मंगळवार, ५ तारीख

लेकीनं आज आम्हा दोघींना रान दाखवलं. लाकडी फळ्यांची वाट आहे, दोन्ही अंगांना दोरी. सुरुवातीला बोर्ड. तो मी स्वतः वाचला, अक्षर अक्षर लावत, भिंगरी पुढचं सांगायला टपलेली असताना. वाट सोडू नका. बघा, वास घ्या, फोटो काढा. पान, फूल, बी, अळंबी काही तोडू नका, पायानं उडवू नका, घरी नेऊ नका.

लेक म्हणाली, अळंबी वर दिसते ते तिचं फळ. तिचं अंग मातीखाली असतं, पांढऱ्या दोऱ्यांचं, या झाडापासून त्या झाडापर्यंत गुंतलेलं. म्हटलं, म्हणजे नातेवाइकांसारखंच की गं, वर एक तोंड गोड हसतं आणि खाली सगळं गाव गुंतलेलं. लेक हसली. ती हसली की तिच्या बापासारखी दिसते, पण ते असो.

इथं एक म्हातारे माळीबुवा आहेत. रोज सकाळी सगळ्या अळंब्या मोजतात. कुणी तोडलेली दिसली, की तोडणाऱ्याला शोधून काढतात, वीतभर खुंटी तासतात, तिच्यावर त्याचं नाव लिहायला लावतात, त्याच्याच डोक्याचा एक केस तिला गुंडाळतात आणि खुंटी त्या रिकाम्या जागी ठोकतात. लेकीच्या वरच्या साहेबांना ही रीत पसंत आहे. नावं वाचून लोक आपले हात खिशात घालतात, असं ते म्हणतात. माळीबुवांचं म्हणणं निराळं. ते म्हणाले, कुणी नेलं ते मातीला कळायला हवं ना, ताई. मी हसले. ते हसले नाहीत. भिंगरीनं सतरा खुंट्या मोजल्या.

क्वार्टरच्या मागेच अळंब्यांचं एक रिंगण आहे. एकेक अळंबी बशीएवढी, पांढरीशुभ्र. बावीस आहेत. भिंगरीनं मोजल्या, मग माझ्याकडून मोजून घेतल्या.

गुरुवार, ७ तारीख

आज एक गंमत झाली.

पस्तीस वर्षं मी भाजीचा मळा केला. तयार झालेलं तोडायचं, नाहीतर वाया जातं, हे माझ्या बोटांतच भिनलंय. रिंगणातली एक अळंबी कलली होती. उद्या नासणार, हे मला लांबूनच कळलं. भिंगरीला तिची खालची बाजू बघायची होती. मी दोरी ओलांडली. ती म्हणाली, आजी नको, बोर्डावर लिहिलंय. मी म्हटलं, अगं, बोर्ड बाहेरच्यांसाठी असतो, आपण घरचे.

अळंबी सहज निघेना. पिळली तेव्हा पचकन आवाज करून निघाली, आणि मागून शिवणाच्या दोऱ्यासारखा पांढरा दोरा वीतभर बाहेर आला, ताणला, तुटला. तुटला तेव्हा खालच्या भोकातून उबदार हवा आली, पातेल्यावरचं झाकण काढल्यावर येते तशी. मला वाटलं, माती तापली असेल.

खालच्या बाजूला काय सुंदर चुण्या होत्या! भिंगरीच्या निळ्या झग्याला शिवल्यात तशा, पण शंभरपट बारीक. तिनं नुसतं बघितलं, हात पाठीमागे बांधून. दुपारपर्यंत अळंबी काळी पडली. केराच्या बादलीत टाकली. लेकीला बोलले नाही.

शुक्रवार, ८ तारीख

सकाळी माळीबुवा पायरीशी आले. हातात कोरी खुंटी. म्हणाले, रिंगणात एकवीसच आहेत, आणि माग या दाराकडे आलाय.

लेकीचा चेहरा मी कधी विसरणार नाही. तिची नोकरी अजून पक्की नाही, सहा महिने बघून ठरवणार आहेत. घरच्याच माणसानं तोडलं असं साहेबांच्या कानावर गेलं, तर क्वार्टरही जाईल आणि नोकरीही. मी तोंड उघडलं. शब्द अगदी दातांपर्यंत आला होता. तेवढ्यात भिंगरी पुढे झाली आणि म्हणाली, मी तोडली.

माळीबुवांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या अंगठ्याकडे पाहिलं. त्यांनी पोरीला दोनदा विचारलं, नक्की तूच का. ती दोनदा हो म्हणाली. मग ते म्हणाले, लहान मुलांचं साहेबांना सांगत नाही मी, पण खुंटी चुकत नाही. भिंगरीनं ऐटीत स्वतःचा केस उपटला, नाव लिहिलं, खुंटीला केस गुंडाळला, आणि त्यांनी ती माझ्या भोकात ठोकली. माझ्या म्हणजे मी केलेल्या.

लेक तिला अर्धा तास बोलत होती. बोलणी खाताना ती मला डोळा मारत होती. सात वर्षांचं पोर माझ्या वाटचं ऐकून घेतंय आणि मी भांडी घासतेय, घासलेलीच परत घासतेय.

उद्या सांगेन.

रविवार, १० तारीख

सांगितलं नाही. काल लेक दमून आली, आज रान बघायला येणाऱ्यांची गर्दी होती. कारणं काय, हाताशीच असतात.

भिंगरी गप्प आहे. आधी मला बरंच वाटलं. वाटलं, पोर शहाणी झाली, दोन घास बसून खाईल. पण जेवतच नाही. पाणी मात्र पिते, तांब्यामागून तांब्या. पायरीवर बसून पावलं मातीत टेकवते आणि रिंगणाकडे बघते. चुका तपासायला वही दिली तर तिनं तशीच परत केली.

रिंगणापासून घराकडे तीन नव्या अळंब्या आल्यात. एकामागे एक, पावलं टाकल्यासारख्या.

मंगळवार, १२ तारीख

वेणी घालायला बसवली. एरवी तिची वेणी म्हणजे पळत्या वासराला दावं बांधणं. आज हलली नाही. भांग पाडला तर मधोमध पांढरा केस. मी हसत म्हटलं, अगं, तू माझ्याआधी म्हातारी झालीस की. कंगव्यात धरून ओढला, तर तो येतच राहिला. वीतभर. मग हातभर. ओलसर, मऊ.

पोर रडली नाही. सपाट आवाजात म्हणाली, आजी, ओढू नको, खाली दुखतं.

खाली म्हणजे कुठे, विचारलं. तिनं अंगणाकडे बोट केलं.

पायरीशी आता सात आहेत. सातवी नळाखाली.

बुधवार, १३ तारीख

आज फळ्यांच्या वाटेवर एक जोडपं आलं होतं. त्यातल्या बाईनं फोटोसाठी खाली वाकून एका अळंबीला हात घातला. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून जी ओरडले, की तिच्या हातातला फोन पडला. ती म्हणाली, एवढं काय झालं, एकच तर आहे. मी धावत गेले, मला धावता येतं हे मलाच माहीत नव्हतं. म्हटलं, बाई, एकच असते. प्रत्येकाची एकच असते. तिचा नवरा म्हणाला, चल, म्हातारीचं डोकं फिरलंय.

फिरलं तर फिरलं. हात तर काढला तिनं.

परत आले तर भिंगरी भर उन्हात अंगणात उभी. पावलं घोट्यापर्यंत मातीत. खणल्याची खूण नाही, माती उकरलेली नाही, नुसती आत गेलेली. मी आणि लेकीनं दोन्ही काखांत हात घालून काढली. निघताना तो आवाज झाला. अळंबी निघाली होती तसाच.

गुरुवार, १४ तारीख

डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, त्वचेला बुरशी धरलीय, मलम लावा, हवापालट करा.

लेकीनं लगेच जीप काढली. मी मागे भिंगरीला मांडीवर घेऊन बसले. फाटकापर्यंत ठीक होती. फाटक ओलांडलं आणि तिची मान कलली. ओठ करडे झाले. बोटं सुकलेल्या देठासारखी मऊ पडली, माझ्या मुठीत मुरगळली. मी पस्तीस वर्षं भाजी उपटलीय. उपटलेलं रोप उन्हात कसं माना टाकतं, ते मला कुणी सांगायला नको.

लेकीला ओरडले, मागे फिर. आत आलो आणि तिनं श्वास घेतला.

लेक स्टिअरिंगवर डोकं टेकून रडत होती. माझी जीभ तेव्हाही उचलली नाही. अशी कशी मी —

शुक्रवार, १५ तारीख

माळीबुवांकडे गेले. अवजारांच्या खोलीत खुंट्या तासत होते. सगळं सांगितलं. ते तासायचे थांबले. म्हणाले, मला त्याच दिवशी कळलं होतं, पण पोर दोनदा हो म्हणाली, तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं माझं.

मग सांगितलं त्यांनी. त्यांना त्यांच्या आधीच्या माळ्यानं सांगितलेलं. ज्यानं तोडलं त्यानं केस दिला, तर ती भरपाई. माती तेवढ्यावर राजी होते. पण ज्यानं तोडलंच नाही, त्यानं आपण होऊन दिलं, तर ते दान. आणि दान कुणी अर्धं घेत नाही.

जमीन माणसाच्या नावावर होते, हे आयुष्यभर ऐकलं. माणूस जमिनीच्या नावावर झालेला —

विचारलं, सोडवता येतं का. म्हणाले, तोडणाऱ्यानं स्वतः त्या जागी बसून कबूल करायचं. पण आता केसावर भागायचं नाही, ताई. आठवडाभर चव लागलीय तिला. नका जाऊ. मी बघितलेलं नाही, नुसतं ऐकलंय.

म्हटलं, बुवा, तुम्हाला नात नाही.

शनिवार, १६ तारीख

लेकीला सांगितलं. तोडली मी, आणि गप्प बसले मी.

तिनं भिंगरीचं पांघरूण नीट केलं. मग म्हणाली, नोकरी गेली असती तर दुसरी मिळाली असती, आई. एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. खुंटीचं, दानाचं तिला पटत नाही. ती शिकलेली आहे. उद्या शहरातून मोठ्या डॉक्टरांना घेऊन येते म्हणाली.

भिंगरीनं आज मला ओळखलं नाही — ओळखलं, पण आजी म्हणाली नाही. बावीस म्हणाली. बोट माझ्याकडे नव्हतं, स्वतःकडे होतं. विचारलं, बावीस काय गं? म्हणाली, आता पुरे होतील.

पलंगाखाली, फरशीच्या सांध्यातून एक —

रविवार, १७ तारीख

सकाळी दहा. लेक शहरात गेलीय. मी रिंगणात बसले आहे. वही मांडीवर.

भिंगरीचा केस खुंटीवरून काढला. निघत नव्हता. मुळं धरली होती त्यानं. दातांनी तोडला. माझा पांढरा गुंडाळला. मोठ्यानं बोलले, मी तोडली. पोरीनं नाही. ती खोटं बोलली ती मायेनं, मी गप्प बसले ती भीतीनं. तुला न्यायचं असेल तर बरोबर माणूस ने, हिशेबाला एवढी कच्ची राहू नको. बोलले खरं. मग चपला काढून पावलं मातीत टेकवली.

माळीबुवा भिंगरीला कडेवर घेऊन फाटकाकडे गेलेत. फाटकाबाहेर ती धड राहिली तर तीन शिट्ट्या. नाही तर नाही.

माती कोमट आहे. वाईट नाही. गरम पाण्यात पाय सोडून बसावं तशी —

अकरा असतील. आयुष्यभर पाय दुखतात म्हणून रडले, आता पाय कुठे आहेत तेच कळेना. घोटे गेले. गुडघ्यांशी पांढरे दोरे, टाके घातल्यासारखे, बारीक, सुबक. मी कधी इतकं सुबक शिवलं नाही.

शिट्टी नाही.

शिट्टी नाही अजून —

खाली ऐकू येतं. खूप जण आहेत. बोलत नाहीत. नुसते एकमेकांना धरून —

एक शिट्टी.

थांबली. का थांबली. बुवा, का —

दुसरी.

देवा, अजून एक. एकच मागते. अजून —

तिसरी!

तिसरी वाजली. माझी भिंगरी फाटकाबाहेर श्वास घेतेय. तिकडून हाक आली — आजी म्हणाली — आजीच म्हणाली. बावीस नाही. आता काही का होईना. आता काय व्हायचं ते —

डावा हात हलत नाही. बोटांना पांढरं. उजवा आहे अजून. अक्षर वेडंवाकडं —

जीप. लेक आली. पोरीला भेटली असेल, तिथेच थांब गं — नाही — इकडेच येतेय. दोरीवरून उडी मारली तिनं. मी ओरडतेय, आवाज बाहेर येत नाही, खाली जातोय. काखांत हात घालून ओढील. लेक आहे, ओढणारच. मग तोडणारी ती होईल आणि सगळं परत — परत पहिल्यापासून — तिच्यासाठी मग भिंगरी पुढे —

लेकी, आधी वाच. हात लावायच्या आधी हे वाच. मला बरं आहे. दुखत नाही. मला उपटू न